विमानामागची पांढरी रेघ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उंचावरून जाणाऱ्या जेट विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघेला बाष्परेषा किंवा कॉन्ट्रेल म्हणतात.

गैरसमज १ : ही रेघ म्हणजे इंजिनाचा धूर.

वस्तुस्थिती : ती बर्फाच्या बारीक कणांची असते. एक किलो इंधन जळले की सुमारे सव्वा किलो वाफ तयार होते. ८ ते १२ किलोमीटर उंचीवर, तापमान साधारण उणे ४० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तेथे, इंजिनाचा ऊन झोत गार हवेत मिसळताच काजळीच्या कणांवर वाफेचे थेंब धरतात आणि लगेच गोठतात. तेवढा वेळ लागत असल्यानेच इंजिन आणि रेघ यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते.

गैरसमज २ : बराच वेळ टिकणारी रेघ म्हणजे रसायनांची फवारणी.

वस्तुस्थिती : रेघ किती टिकते, हे त्या थरातील ओलाव्यावर ठरते. कोरड्या हवेत ती पाहता पाहता विरते. हवेत बर्फ टिकून वाढण्याइतकी वाफ असेल, तर कण मोठे होतात आणि रेघ पसरून तंतुमेघांसारखी दिसू लागते. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांमागेही अशा रेघा उमटत आणि शत्रूला त्यांचा माग लागे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७७ पैकी ७६ तज्ज्ञांनी गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नसल्याचे सांगितले.

गैरसमज ३ : या रेघा ऊन अडवतात, म्हणून पृथ्वी थंड राहते.

वस्तुस्थिती : दिवसा त्या थोडे ऊन परतवतात हे खरे, पण जमिनीकडून वर जाणारी उष्णता त्या रात्रंदिवस अडवतात. रात्री तर परतवायला ऊनच नसते. एकूण हिशेबात तापमानवाढच होते. २०२१ च्या एका अभ्यासानुसार २०१८ मध्ये या रेघांचा आणि त्यांतून बनलेल्या ढगांचा उष्णताभार प्रति चौरस मीटर सुमारे ५७ मिलिवॅट होता, तर विमानांच्या आजवरच्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ३४. पहिल्या आकड्यात अनिश्चितता मोठी आहे. शिवाय रेघ काही तासांत नाहीशी होते, कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतके साचून राहतो. त्यामुळे इंधनबचतीचे महत्त्व कमी होत नाही.

गैरसमज ४ : उड्डाणे बंद करण्याखेरीज उपाय नाही.

वस्तुस्थिती : बहुतांश भार मोजक्या उड्डाणांचा असतो. जपानच्या हवाई क्षेत्राच्या अभ्यासात सुमारे २ टक्के उड्डाणांकडे ८० टक्के भार आढळला. दमट थर टाळण्यासाठी अशा विमानांची उंची थोडी बदलली, तरी मोठा फरक पडू शकतो. अमेरिकन एअरलाइन्सच्या ७० चाचणी उड्डाणांत अशा रेघा ५४ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. त्यासाठी थोडे जास्त इंधन लागते. म्हणून दमट थरांचा अचूक अंदाज हा या उपायाचा पाया आहे.