मुंग्या हाताला, अडचण कॉलरबोनखाली

जागतिक फिजिओथेरपी दिन ८ सप्टेंबरला झाला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं: फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. १० तारखेला ते मागेही घेतलं गेलं. २०२५ मधल्या त्या तीन दिवसांवर दोन्ही बाजूंनी भरपूर शाई सांडली. सांडू द्या. चंद्रपुरातल्या मूल किंवा गडचिरोलीतल्या धानोरा गावच्या सरकारी दवाखान्यात ‘हाताला मुंग्या येतात’ म्हणत आलेल्या बाईची मान, खांदा, कोपर चाचपून पाहणारं कुणी आहे का, हा प्रश्न ना त्या पत्रात होता, ना त्यावरच्या भांडणात.

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हा असा चाचपून कळणारा आजार. हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा मानेतून निघतो आणि तीन चिंचोळ्या जागांतून वाट काढतो. आधी मानेच्या कडेच्या दोन स्केलीन स्नायूंमधली जागा, मग कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यातली फट, शेवटी छातीवरच्या पेक्टोरॅलिस मायनर या लहानशा स्नायूखालचा बोळ. दहातल्या नऊहून अधिक रुग्णांत दबतात त्या नसा, रक्तवाहिनी क्वचितच.

आता गडचिरोलीतलं काम बघा. खांद्यावर कावड घेतली की दांडा कॉलरबोन खाली रेटतो. तिथली फट आवळली जाते हे फाल्कनर आणि वेडेल यांनी १९४३ सालीच लिहून ठेवलं आहे. डोक्यावरची सरपणाची मोळी सावरायला हात वर गेला, की तिसऱ्या जागेत नसा ताणल्या जातात. हात डोक्यावर टाकून झोपणाऱ्यांतलं असंच दुखणं राइट यांनी १९४५ मध्ये मांडलं. म्हणजे दिवसा मोळी आणि रात्री उशाला हात, दोन्हीकडून मार. रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास वाकून, खांदे पुढे पाडून काम होतं, ते वेगळंच.

या आजाराला आजचं नाव मिळालं १९५६ मध्ये, मेयो क्लिनिकच्या पीट आणि सहकाऱ्यांच्या लेखात. तो लेख शस्त्रक्रियेवर नव्हता, व्यायामावर होता! बरगडी काढण्याचं रूस यांचं ऑपरेशन गाजलं ते त्यानंतर दहा वर्षांनी. फिजिओथेरपीला ‘पूरक’ म्हणून कोपऱ्यात बसवणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवायला हरकत नाही.

मात्र निदान निसरडं आहे. मान वळवून नाडी बंद पडते का पाहायची चाचणी धडधाकट माणसांतही बऱ्याचदा ‘सापडते’. दोन्ही हात वर धरून तीन मिनिटं मुठी उघडझाप करायची रूसची चाचणी त्यापेक्षा बरी, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये. एमआरआयही पुष्कळदा स्वच्छ येतो. मग रुग्णाला ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून वाटेला लावलं जातं किंवा व्हिटॅमिनची इंजेक्शनं सुरू होतात.

इथे चंद्रपूर-गडचिरोलीचं वेगळेपण येतं, आणि माझ्या मते तीच खरी गोष्ट आहे. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर, मूठ कमजोर, हाताचे स्नायू वाळलेले. पुण्यात हे ऐकून डॉक्टर मानेचा विचार करतील. वरोऱ्याला आधी कुष्ठरोगाचा विचार व्हायलाच हवा. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन याच मुलखात वसवलं, ते उगाच नाही. कुष्ठरोग कोपराच्या आतल्या बाजूची नस पकडतो. ती जाड, दुखरी लागते, त्वचेवर बधिर चट्टा असू शकतो. कोपरापाशी नस बिघडली तर बधिरपणा साधारण पंजापुरता राहतो. कॉलरबोनपाशी दबली तर तो हाताच्या आतल्या कडेनं कोपराकडे चढतो, आणि जुन्या दुखण्यात अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग आधी वाळतो. हा फरक ओळखायला डोळे मिटायला सांगायचे, बॉलपेनचं टोक टेकवायचं, ‘कुठे लागलं?’ विचारायचं. कुष्ठरोग कार्यक्रमात कर्मचारी हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. फिजिओथेरपी तंत्रज्ञ हे पदही तिथे जुनंच. नस बोटांनी ओळखण्याची जी विद्या मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत विरळ होत चालली, ती या दोन जिल्ह्यांत सरकारी नोकरीत आहे. तिला कोपरावरून मानेपर्यंत नेणं हे काही नवं महाविद्यालय काढण्याइतकं अवघड नाही.

एक एक्स-रे मात्र हवाच. मानेतली जादा बरगडी त्यात दिसते, आणि बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठही, जी हुबेहूब असंच दुखणं देते. हात अचानक सुजून निळा पडला किंवा बोटं पांढरी-गार झाली, तर व्यायामाचं नाव काढू नये. तो रक्तवाहिनीचा मामला, थेट नागपूर.

बाकीच्यांना शेक आणि करंटवर महिनाभर झुलवण्यात अर्थ नाही. त्यानं घटकाभर बरं वाटतं, इतकंच. खरं काम श्वासापासून सुरू होतं. छातीच्या वरच्या भागानं श्वास घेणाऱ्याचे स्केलीन स्नायू दिवसभर राबत असतात. पोटानं श्वास घ्यायला शिकवलं की त्यांना सुट्टी मिळते. मग मानेच्या कडेचे आणि छातीपुढचे स्नायू हलकेच ताणायचे, खांद्याचं फावडं जागेवर धरणाऱ्या स्नायूंना बळ द्यायचं, नसा सरकवण्याचे व्यायाम अगदी बेतानं. दुसऱ्या सकाळी मुंग्या वाढल्या तर मात्रा जास्त झाली. पहिल्याच आठवड्यात डोक्यावर डंबेल उचलायला लावणारा माणूस टाळावा. फरक पडायला सहा आठवडे ते काही महिने. फिनलंडच्या लिंडग्रेन यांनी १९९७ मध्ये अशा ११९ रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा छापला. बहुतेक समाधानी होते. मात्र कोक्रेनच्या आढाव्यात या आजाराच्या कुठल्याच उपचाराचा पुरावा भक्कम ठरला नाही, शस्त्रक्रियेचाही.

आणि भामरागडची बाई सहा आठवडे गडचिरोलीला येणार कशी? पावणेदोनशे किलोमीटर! पाठदुखी-अंगदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे गडचिरोलीतल्या शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेनं मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज यांच्या सोबतीनं मांडलं. मान-खांदा त्याच रांगेत बसतो. व्यायाम एकदा शिकवून पुढची उजळणी आशाताईंवर सोपवता येते.

पण ओझं तेच राहिलं तर व्यायाम काय करणार? ‘अर्धं ओझं, दुप्पट फेऱ्या’ हा सल्ला तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरी बुडवतो. पैसे पानांच्या पुडक्यावर मिळतात, फेऱ्यांवर नाही. म्हणून माझ्या लेखी उपचाराचा पहिला भाग फळीच्या, म्हणजे पुडकी जमा करण्याच्या ठिकाणाच्या, जागेत आहे. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता तेंदू स्वतः विकतात. करार करताना फळी कुठे लागेल, टोल्यापासून किती लांब, रानाच्या कडेपासून पुडकी आणायला सायकल किंवा हातगाडी कोण देईल, हे ठरवणं त्यांच्या हातात आहे. हंगाम मे महिन्यात लागतो. ठराव त्याआधीच्या सभेत यायला हवा.