मनगटावरची स्मरणी

मन चंचल आहे, हे आपण कीर्तनात शंभरदा ऐकलं. गीतेच्या सहाव्या अध्यायात खुद्द अर्जुन भगवंतापुढे हीच तक्रार करतो, की वारा जसा मुठीत धरवत नाही तसं हे मन धरवत नाही. भगवंतांनी उत्तर दिलं, अभ्यास कर आणि वैराग्य धर. बरोबर आहे. पण मायबाप हो, मन दिसत नाही. अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करायची? मी म्हणतो, हातापासून करा. मन दिसत नाही, पण हात दिसतो. आणि मन बिथरलं की पहिली चहाडी हातच करतो.

धुळ्याच्या बसस्टँडवर घटकाभर बसून बघा. गाडीला उशीर झालाय. एक जण किल्ल्या खुळखुळवतोय, एक जण नखं खातोय. पोरगं मोबाईल वर-खाली सरकवतंय, वाचत काहीच नाही. एखादी माय पदराचं टोक पिळते, सोडते, परत पिळते. आणि चार-पाच जणांच्या तळहातावर तंबाखू मळणं चालूच. जळगावला दवाखान्याच्या बाकड्यावर बसा, तिथंही हेच. हात रिकामा राहायला तयार नाही. त्याला काम पाहिजे. तुम्ही चांगलं काम दिलं नाही, तर तो आपल्या मनानं शोधून घेतो.

आपल्या वाडवडिलांनी हे ओळखलं होतं. त्यांनी हाताला नुसतं ‘गप बस’ म्हटलं नाही, हातात काहीतरी दिलं. माझ्या हातातल्या या चिपळ्या बघा. एकीची कडी अंगठ्यात, दुसरीची बोटांत. टाळकऱ्याच्या बोटांना टाळाची दोरी गुंडाळलेली असते. आपल्या मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून पंढरपूरला महिनाभराहून जास्त चालते. त्या दिंडीत चालणाऱ्याला विचारा, टाळ हातात असला की पाय कसे उचलतात! पण टाळ घेऊन काही बाजार समितीत उभं राहता येत नाही. तिथं भाव पुकारले जाताहेत आणि तुमचा टाळ वाजतोय, बरं दिसेल का? एकांतात बसून जप करणाऱ्यासाठी गोमुखी असते, गाईच्या तोंडाच्या आकाराची कापडी पिशवी. हात तिच्यात, माळ आत, मोजदाद कुणाला दिसत नाही. आणि चालता-फिरता, कामाच्या दोन घासांमध्ये वापरायची ती स्मरणी. छोटी माळ, बहुतेक 27 मण्यांची. मनगटावर बसते. चार वेळा फिरवली की 108 होतात, म्हणजे मोठी माळ पुरी. आज मला या स्मरणीबद्दलच सांगायचं आहे.

इथं काही जण म्हणतात, महाराज, गळ्यात तुळशीची माळ आहे की. अहो, ती वेगळी. गळ्यातली माळ म्हणजे व्रत आहे, नेम आहे; ती काढायची नाही आणि तिच्यावर जप मोजायचाही नाही, असा वारकऱ्यांचा रिवाज. जपाची माळ वेगळी ठेवावी.

आता हे चालतं कसं, ते बघू. श्रद्धेचा भाग आहेच, पण देहाचाही भाग आहे. तो सांगितला की शिकलेली पोरंही ऐकतात. जीव घाबरला की श्वास भराभर आणि वरवरचा होतो. निवांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, घाबरलेला त्याहून जास्त. 2001 साली इटलीतले डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सोबत्यांनी 23 निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, एकदा ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा मंत्र. दोन्ही वेळेला श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची, रक्तदाबाची लय सुधारली. मंत्र पूर्वेचा, प्रार्थना पश्चिमेची, पण गती एकच. आमच्या शेजारचे मुसलमान बाबा 33 किंवा 99 मण्यांची तसबीह ओढतात. ग्रीस देशात तर माणसं धर्माचा संबंध न ठेवता, नुसता जीव रमावा म्हणून मण्यांची सर हातात खेळवतात. हात सगळीकडे सारखाच आहे.

म्हणून स्मरणी ओढायची ती श्वासाबरोबर. घाईघाईनं मणी ढकलले तर तो जप नाही, ती शेंगा सोलण्याची मजुरी झाली. श्वास आत घ्या, सोडताना सावकाश नाम घ्या, नाम संपलं की एक मणी पुढे. मिनिटाला सहा श्वास या चालीनं 27 मणी साडेचार मिनिटांत होतात. साडेचार मिनिटं! चहा उकळायला लागतात तेवढी. 108 ला 18 मिनिटं. ज्याचा जीव फार उडालेला आहे त्यानं 108 चा आग्रह धरू नये, 27 करावेत आणि उठावं. मणी मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं ओढतात, तर्जनी लावत नाहीत. मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. हा रिवाज मला फार आवडतो. कारण तंद्री लागून हात यंत्रासारखा चालायला लागला, की मेरुमणी बोटाला अडतो आणि माणूस जागा होतो.

ज्याच्याकडे माळच नाही, त्यानं काय करावं? त्याच्यासाठी करमाळा आहे. बोटांच्या पेरांवर मोजायचं. उजवा हात पुढे धरा. अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा टेकवा, हा एक. तिचंच खालचं पेर, दोन. मग करंगळीचं खालचं, मधलं, वरचं, झाले पाच. अनामिकेचं वरचं सहा, मधल्या बोटाचं वरचं सात, तर्जनीचं वरचं आठ, मधलं नऊ, खालचं दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं हा मेरू, त्यांना शिवायचं नाही. सुरुवातीला बोटं गोंधळतात. गोंधळू द्या! तेवढा वेळ चिंता बाजूला बसते. याला पैसा लागत नाही, आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसून केलं तर शेजारच्यालाही कळत नाही.

यावल तालुक्यातले एक केळीवाले आप्पा कीर्तन संपल्यावर मागे थांबले होते. वादळात बाग आडवी झाली होती. घड निसवलेले होते, महिन्याभरात कापणी होती. मला म्हणाले, “महाराज, जीव लागस नही. झोप येत नाही. हात सारखा डबीकडे जातो. दिवसाला एक पुडी लागायची, आता तीन लागतात.” मग जरा थांबून म्हणाले, “माळ ओढली तर बाग उभी राहील का?”

मी म्हटलं, नाही राहणार, आप्पा. पंचनामा करावा लागेल, विम्याचे कागद करावे लागतील, सोसायटीत जावं लागेल. माळेचं काम एवढंच, की त्या कागदावर सही करताना हात थरथरू नये.

तंबाखूचं बघा. त्यात दोन गोष्टी आहेत. एक नशा, ती रक्तात जाते. दुसरी हाताची सवय: डबी काढणं, चुना लावणं, मळणं, थापटणं. माणूस म्हणतो मला तलफ आली. पुष्कळदा तलफ यायच्या आधीच हात निघालेला असतो. 1973 साली अमेरिकेतल्या एझ्रिन आणि नन या मानसशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी नखं खाण्यासारख्या सवयी मोडायची एक रीत मांडली. सवय सुरू होतेय हे आधी ओळखायचं, आणि त्याच क्षणी हाताला असं काम द्यायचं की ती सवय करताच येऊ नये. स्मरणी हेच करते. अंगठा आणि बोट मण्यावर असलं, तर तो अंगठा तळहातावर तंबाखू कसा मळेल? म्हणून आप्पांना सांगितलं, डबी ज्या खिशात ठेवता तो खिसा रिकामा करा आणि माळ उजव्या मनगटावर बांधा, हात खिशाकडे निघाला की आधी माळ लागली पाहिजे. पण रक्तातली नशा माळेनं उतरत नाही, हेही सांगितलं. त्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, 1800112356. तिथं तंबाखू सोडायचा सल्ला देतात.

आणि झोपेचं? दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशात गोडी नाही, ‘आता जगून काय करू’ असा विचार येतो, तर मायबाप हो, तिथं कीर्तनकाराचं काम नाही. तिथं डॉक्टर. 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारनं 2022 च्या ऑक्टोबरात सुरू केला. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आप्पांना तो मी माझ्यासमोर लावायला लावला. नुसता लिहून दिला असता तर कागद खिशातच राहिला असता. हात स्वस्थ असतानाही कापत असेल, किंवा वजन उतरतंय, छाती धडधडतेय आणि हात कापतोय, तर तोही तपासून घ्या. थायरॉइड असू शकतं, दुसरं काही असू शकतं. त्याला ‘टेन्शन’ म्हणून माळेखाली झाकू नका.

आता बाजाराचं थोडं. शहरात पोरं गोल फिरणारी अंगठी घालतात, वरचं कडं बोटानं फिरवत राहायचं. वाईट नाही, स्मरणीचीच धाकटी बहीण समजा, फक्त तिला श्वासाची आणि नामाची जोड नाही. 2017 साली जगभर तो भिंगरीसारखा स्पिनर निघाला होता, आठवतं? त्याची अडचण अशी की तो डोळ्यांनी बघावासा वाटतो. हाताला काम देताना डोळे आणि कान मोकळे राहिले पाहिजेत. वर्गात चुळबुळणाऱ्या पोराच्या हातात द्यायचंच, तर आवाज न करणारं आणि मांडीवर राहणारं काहीतरी द्या. अगदी लहान लेकराच्या हातात मात्र मणी देऊ नका, घशात जातात. पोराची चुळबूळ घरी, शाळेत, सगळीकडेच फार असेल, तर मास्तरांशी भांडण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

देवळाबाहेर बोटात घालायचा काउंटर मिळतो, बटण दाबलं की आकडा वाढतो. मोजायला सोयीचा आहे, मला विचाराल तर अस्वस्थ माणसाच्या कामाचा नाही. मण्याला स्पर्श आहे, खडबडीतपणा आहे, तो बोटाखालून सरकतो. काउंटरवर नजर आकड्याकडे जाते: आज किती झाले, काल किती होते. म्हणजे एक चिंता घालवायला दुसरी आणली! आणि ‘ऊर्जा देणारं कडं’, ‘चिंता शोषणारा खडा’ म्हणून हजारो रुपये सांगणारे दिसले, तर हात जोडा आणि पुढे चला. खड्यात असं काही शोषण्याची ताकद नाही. तुळशीचे मणी घ्यायचे तर पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरं पिढ्यानपिढ्या ते बनवत आली आहेत. दुसरं लाकूडही तुळस म्हणून विकतात. तुळशीचा नेम असेल त्यानं पारखून घ्यावी. हाताच्या अस्वस्थतेला कुठलाही हलका, गुळगुळीत न झालेला मणी चालतो.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो, विशेषतः आपल्या खानदेशात. कडबाकुट्टीपाशी, मळणी यंत्रापाशी, जिनिंगमध्ये, विहिरीवरच्या पट्ट्याच्या मोटारीपाशी जाताना मनगटावरची माळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवायची. काढायची म्हणजे काढायची. देवाची आहे म्हणून यंत्र तिला सोडत नाही, आणि माळेबरोबर हात ओढला जातो. फवारणी करतानाही काढा, औषध मण्यांत मुरतं. उन्हाळ्यात आपल्याकडे बोटं सुजतात, तेव्हा घट्ट अंगठी नको.

माळ तुटली तर घाबरून विचारायला येतात, काही अपशकुन का? अहो, सूत झिजलं. रोज ओढली तर झिजणारच. मणी गोळा करा, सुती दोरा दुहेरी घ्या, प्रत्येक मण्यानंतर एक गाठ मारा म्हणजे पुढच्या वेळी तुटली तरी सगळे सांडणार नाहीत. 27 मोजून ओवा, मेरू शेवटी बांधा. हे कामही रात्री झोप येत नसेल तेव्हा दिव्याखाली बसून करायला चांगलं आहे.