एअरलाइन्स पुष्कळ, तरी तिकीट महाग का?

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, "देशात एवढ्या एअरलाइन्स आहेत, मग भाडं उतरत का नाही?"

कारण स्पर्धा देशात नसते, रूटवर असते. मे 2023मध्ये, ऐन सुट्टीत, गो फर्स्ट बंद पडली. लेह, श्रीनगरला तिची बरीच विमानं जायची. तिथली भाडी भडकली. जूनमध्ये मंत्रालयाने बाकीच्या कंपन्यांना भाडी आवरायला सांगितलं. फक्त सांगितलं बरं का! एरवी भाडं कंपन्याच ठरवतात.

मग दुसरी कंपनी लगेच का येत नाही? मला वाटायचं, लोड वाढला की आपण सर्व्हर वाढवतो, तसंच असेल. नाही हो. नवीन विमानासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि मुंबईसारख्या विमानतळावर स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळणं मुश्कील.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. डिसेंबर 2025मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. त्याआधी देशातले 60 टक्क्यांहून जास्त प्रवासी तिच्याकडे होते. बाकीच्यांकडे तेवढ्या सीट आणणार कुठून? शेवटी सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये.

मी आता बुकिंगआधी त्या रूटवर किती कंपन्या आहेत ते बघतो. एकच असेल, तर रेल्वेचं तिकीटही काढून ठेवतो, वेटिंग का असेना.