जिंझूच्या खाचरांतील कॅडमियम

जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठावरील शेतकरी कुटुंबांत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हाडांचा एक भयंकर विकार फैलावला होता. त्याने ग्रासलेल्या बहुतेक स्त्रिया उतारवयाकडे झुकलेल्या आणि अनेक बाळंतपणे झालेल्या होत्या. त्यांची हाडे इतकी मऊ व ठिसूळ होत, की नुसत्या खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. वेदनेने त्या ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे विव्हळत आणि तेच या रोगाचे नाव झाले. कोणी अतिश्रमाला दोष दिला, कोणी निकस आहाराला. मात्र युद्धावरून परतलेले स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांच्या लक्षात आले, की रुग्ण आढळतात ते जिंझूचे पाणी शेतीला घेणाऱ्या गावांतच, शेजारच्या नद्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या गावांत नव्हे.

नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त आणि शिसे यांची मोठी खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम ही जड धातू अल्प प्रमाणात मिसळलेली असते आणि खनिज दळून धुतल्यावर उरलेल्या गाळाबरोबर ती नदीत उतरत असे. हा संबंध सिद्ध करण्यात ओकायामा विद्यापीठाचे कृषिरसायनशास्त्रज्ञ जुन कोबायाशी यांच्या संशोधनाचा वाटा फार मोठा आहे. जपानभरच्या नद्यांच्या पाण्यातील घटकद्रव्ये तपासण्याचे काम ते करीत असत आणि या रोगाच्या शोधात त्यांनी वर्णपटमापनाचा आधार घेतला. नमुना जाळून त्याच्या तप्त वाफेतून निघणारा प्रकाश विभागला, तर प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रेषांनी ओळखू येते, हे या पद्धतीचे तत्त्व होय. कोबायाशींचे मोठेपण असे, की त्यांनी केवळ पाणी तपासून समाधान मानले नाही. तांदूळ आणि मृत रुग्णांची हाडे व अवयव यांचीही तपासणी केली आणि सर्वत्र त्यांना कॅडमियम सापडले. 1961 मध्ये हागिनो आणि कृषितज्ज्ञ किनइची योशिओका यांनी कॅडमियम हेच रोगाचे कारण असल्याचे जाहीरपणे मांडले. पुढे कोबायाशींनी उंदरांना कॅडमियमयुक्त खाद्य देऊन त्यांच्या शरीरातून कॅल्शियम झिजत जाते, हेही दाखवून दिले.

पाण्यात धातू अल्प असूनही घात एवढा मोठा का झाला, याचे उत्तर मातीत आहे. पाटाचे पाणी खाचरात शिरताच त्याचा वेग मंदावतो व गाळ तेथेच बसतो. म्हणून पाणी शिरण्याच्या तोंडाशी कॅडमियम सर्वाधिक साठत असे. खाचरात पाणी तुंबलेले असते तोवर मातीतील प्राणवायू संपलेला असतो आणि कॅडमियम गंधकाशी संयोग पावून अविद्राव्य, म्हणजे पाण्यात न विरघळणारे, होऊन पडून राहते. भात निसवल्यावर कापणीच्या तयारीसाठी पाणी काढून टाकले, की माती वाळते, हवा आत जाते, ते संयुग फुटते आणि मोकळे झालेले कॅडमियम नेमके दाणा भरण्याच्या वेळी मुळांना मिळते. भातातून पोटात गेलेली ही धातू मूत्रपिंडात साठते आणि तिचा निचरा व्हायला दशके लागतात. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका निकामी झाल्या, की शरीराला आवश्यक असलेली फॉस्फेटसारखी द्रव्ये लघवीवाटे वाहून जातात, ड जीवनसत्त्वाचे कार्य बिघडते आणि हाडे मऊ पडतात.

1968 मध्ये जपान सरकारने हा प्रदूषणजन्य रोग असल्याचे मान्य केले. 1971 मध्ये तोयामाच्या न्यायालयात आणि 1972 मध्ये अपिलातही खाणमालक कंपनीविरुद्ध रुग्णांचा विजय झाला. जमीन मात्र निकालाने स्वच्छ होत नाही, कारण जड धातू कुजत नाही, विघटितही होत नाही. त्यामुळे दूषित थर खाली गाडून, त्यावर स्वच्छ माती पसरून सुमारे 860 हेक्टर शेती पुन्हा उभी करण्याचे काम 1979 पासून 2012 पर्यंत चालले. ज्या शास्त्रज्ञांनी पाणी, माती, पीक आणि माणूस यांचा एकत्र अभ्यास केला, त्यांच्या पुराव्यामुळेच हे शक्य झाले. कंपनीशी झालेल्या 1972 च्या करारानुसार स्थानिक रहिवाशांना आपल्या पसंतीचे शास्त्रज्ञ बरोबर घेऊन खाणीच्या आत पाहणी करण्याचा हक्क मिळाला आणि जमिनी पूर्ववत झाल्यानंतरही त्यांनी तो सोडलेला नाही.