पेट्रोल महाग का? नाशिककरांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुचाकीने जाणारा कामगार असो की पिकअपमध्ये कांदा भरून लासलगावला निघालेला शेतकरी, पंपावरचा आकडा दोघांच्याही खिशाला झोंबतो. 2025 च्या मध्यात नाशकात लिटरभर पेट्रोलला 104 रुपयांच्या आसपास पडत होते. खालचा हिशेब त्याच काळाचा आहे. भाव एवढा का, याची कारणे जो तो आपापल्या परीने सांगतो. त्यांतली बरीच अर्धवट आहेत आणि काही साफ चुकीची. त्यामुळे राग भलत्यावरच निघतो आणि ज्यांना जाब विचारायचा ते नामानिराळे राहतात.

आधी या 104 रुपयांची फोड पाहू. पेट्रोलची मूळ किंमत वाहतुकीसह सुमारे 53 रुपये. केंद्राचे उत्पादन शुल्क 21 रुपये 90 पैसे. पंपचालकाचे कमिशन चार रुपयांच्या थोडे वर. उरलेले सुमारे 25 रुपये राज्याच्या व्हॅटचे. म्हणजे दोन्ही सरकारे मिळून लिटरमागे जवळपास 47 रुपये घेत होती.

गैरसमज : कच्चे तेल 147 डॉलर होते तेव्हा पेट्रोल 55 रुपये होते. आता तेल निम्म्यावर आले, तरी पेट्रोल दुप्पट!

वस्तुस्थिती : जुलै 2008 मध्ये कच्चे तेल पिंपाला 147 डॉलरवर गेले, तेव्हा डॉलर सुमारे 43 रुपयांना होता. एका पिंपात 159 लिटर तेल असते. म्हणजे कच्च्या तेलाचा लिटरचा भाव झाला 40 रुपये. 2025 च्या मध्यात तेल 70 डॉलरच्या आसपास होते, पण डॉलर 86 रुपयांवर गेला होता. हिशेब येतो 38 रुपयांच्या घरात. डॉलरमधली स्वस्ताई रुपयाच्या घसरणीने गिळली. आपण 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो, त्यामुळे हा फटका टळत नाही.

शिवाय 2008 चा तो भाव खराही नव्हता. कंपन्या तोटा सोसून विकत होत्या आणि तो भरून काढायला सरकार रोखे काढत होते. आणि सगळा दोष रुपयावरही ढकलता येणार नाही. पेट्रोलवरचे केंद्राचे शुल्क 2014 च्या सुरुवातीला 9 रुपये 48 पैसे होते. मे 2020 मध्ये ते 32 रुपये 98 पैसे झाले, आणि तेही जगभर तेलाचे भाव कोसळलेले असताना. स्वस्ताईचा फायदा ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधीच तिजोरीत गेला. पुढे कपात झाली, तरी शुल्क जुन्या पातळीवर आले नाही.

गैरसमज : डेपो आपल्याच जिल्ह्यात आहे, मग नाशकात पेट्रोल स्वस्तच हवे.

वस्तुस्थिती : मुंबईच्या माहुल रिफायनरीतून 252 किलोमीटरच्या पाइपलाइनने इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोत येते आणि तिथून टँकरने जिल्ह्याजिल्ह्यांत जाते. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरोधात टँकरचालकांनी काम थांबवले, तेव्हा एका दिवसात नाशकात पंपांवर रांगा लागल्या. पानेवाडीवर आपण किती अवलंबून आहोत, ते त्या वेळी कळले. पण भावात वाहतुकीचा वाटा छोटा असतो. रिफायनरी दाराशी असूनही मुंबईत पेट्रोल 103 रुपये 50 पैसे होते. परभणीला पानेवाडीचेच इंधन कित्येक तास रस्त्याने जाते, म्हणून तिथे काही रुपये जास्त पडतात.

खरी तफावत पाहायची तर गुजरातमधल्या सापुताऱ्याला जा. हद्द ओलांडली की तेच पेट्रोल नऊ-दहा रुपयांनी उतरते, म्हणून नाशिकच्या गाड्या टाकी तिकडेच फुल करतात. ही तफावत अंतराची नाही, दोन राज्यांच्या करांची आहे.

गैरसमज : सगळा पैसा दिल्लीला जातो. (किंवा : सगळा मुंबईला जातो.)

वस्तुस्थिती : कुठल्या पक्षाचा माणूस बोलतोय, त्यावर हे उत्तर बदलते. प्रत्यक्षात दोघांचेही हात त्यात आहेत. केंद्राच्या 21 रुपये 90 पैशांपैकी मूळ उत्पादन शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे होते, आणि राज्यांना वाटा मिळतो तो केवळ त्यातून. बाकी रक्कम उपकर आणि विशेष शुल्काच्या नावाखाली थेट केंद्राकडे राहते. म्हणून ‘41 टक्के राज्यांनाच परत मिळतात’ हे पेट्रोलच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे.

राज्यही मागे नाही. महाराष्ट्र 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे घेतो. हा व्हॅट केंद्राचे शुल्क धरून झालेल्या किमतीवर बसतो, म्हणजे करावर कर. केंद्राने शुल्क वाढवले की राज्याचे उत्पन्न काही न करता वाढते.

गैरसमज : जीएसटीत आणले की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : घटनेनुसार पेट्रोल जीएसटीत आणता येते, फक्त तारीख जीएसटी परिषदेने ठरवायची आहे. सप्टेंबर 2021 मध्ये लखनऊच्या बैठकीत विषय निघाला आणि ‘ही वेळ नाही’ म्हणून बाजूला पडला. कारण उघड आहे. जीएसटीचा 40 टक्क्यांचा सर्वोच्च दर लावला, तरी वरच्या हिशेबाने पेट्रोल 80 रुपयांच्या आसपास येईल. ग्राहकाचे 24 रुपये वाचतील, पण तेवढेच दोन्ही तिजोऱ्यांतून जातील. ते कुठून भरून काढायचे, हे सांगितल्याशिवाय ही घोषणा पोकळच राहते.

गैरसमज : आपल्याच उसाचे इथेनॉल 20 टक्के मिसळतात, म्हणजे पेट्रोल स्वस्त पडत असणार.

वस्तुस्थिती : केंद्राच्याच माहितीनुसार जुलै 2025 अखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला 71 रुपये 32 पैसे होती. मूळ पेट्रोलपेक्षा ते महाग पडते. त्यातून परकीय चलन वाचते, ऊस आणि मका उत्पादकांना पैसा मिळतो, आणि हे फायदे खरे आहेत. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, म्हणून गाडीचे ॲव्हरेज थोडे घटते. त्याचा भार ग्राहकावर येतो आणि त्याबद्दल त्याला भावात काहीच सूट मिळत नाही.

गैरसमज : पंपवाला भाव वाढवतो.

वस्तुस्थिती : भाव तेल कंपनी ठरवते, पंपचालकाला ठरीव कमिशन मिळते. मापाची शंका आली, तर मात्र तिथेच तपासणी मागा. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचीच तूट चालते. माप करून दाखवा म्हणणे हा तुमचा हक्क आहे.

गैरसमज : सरकारने भाव बांधून दिला की झाले.

वस्तुस्थिती : बांधलेल्या भावाची किंमत नाशिक जिल्ह्याने पाहिली आहे. रेशनचे रॉकेल अनुदानामुळे अगदी स्वस्त होते, डिझेल-पेट्रोल कितीतरी महाग. या फरकावर भेसळमाफिया पोसला गेला. 25 जानेवारी 2011 रोजी पानेवाडीजवळ हा गैरप्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. भाव कृत्रिमपणे दाबला की तोटा कुठेतरी साचतो आणि चोराला वाट मिळते.

म्हणून मागणी नेमकी हवी. केंद्राचे विशेष शुल्क का टिकून आहे, हे खासदाराला विचारा. शेजारच्या गुजरातपेक्षा आपला व्हॅट जास्त का, आणि करावरचा कर कधी थांबणार, हे आमदाराला अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी विचारा. आणि प्रत्येक पंपाच्या फलकावर भावाखाली त्याची फोड लिहायला लावा : मूळ किंमत किती, केंद्राचे किती, राज्याचे किती. नुसती ‘महागाई’ म्हटली की कुणालाच उत्तर द्यावे लागत नाही. आकडा आणि नाव समोर ठेवले, की द्यावे लागते.