चाळिशीनंतरची धाव : लेखांक ४ – वय नेमके काय हिरावते?

मास्टर्स धावपटू म्हणजे वयाची पस्तिशी गाठलेला स्पर्धक. जागतिक मास्टर्स स्पर्धांत तिथून पुढे पाच-पाच वर्षांचे गट पडतात. पहाटे उपवनहून येऊरचा चढ चढणाऱ्यांत किंवा डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलाकडे वळणाऱ्यांत या वयाची मंडळी बरीच असतात. पावसाळ्यातली ठाण्याची वर्षा मॅरेथॉन आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन यांभोवती त्यांचा सराव आखलेला असतो.

वयाचा पहिला फटका हृदयाला बसतो. २०८ मधून वयाची ०.७ पट वजा केली की मिनिटाला कमाल ठोके किती, याचा अंदाज मिळतो : तिशीला १८७, साठीला १६६. ठोके घटले की स्नायूंकडे जाणारे रक्तही घटते आणि प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजेच धावपटूंच्या बोलण्यातला ‘व्हीओटू मॅक्स’, उतरत जातो. बैठ्या माणसात ही घट दशकाला साधारण १० टक्के असते. कसून सराव चालू ठेवणाऱ्यात ती निम्म्यावर राहू शकते.

स्नायूंमध्ये आधी झिजतात ते वेगाचे तंतू. त्यामुळे वेग लवकर जातो, दम उशिरा. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की-शर्यतीत पिकल्या केसांचे स्पर्धक नवलाईचे नाहीत. बर्फावर घसरत जाताना पाय आपटत नाहीत. डांबरी रस्त्यावर मात्र हृदयाआधी गुडघा किंवा टाचेचा स्नायुबंधच तक्रार करतो.

ही उतरण सरळ रेषेत होत नाही. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, ७३व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली. ८०व्या वर्षी त्यांना ३:१५:५४ लागले आणि ८५व्या वर्षी ३:५६:३४. आधीच्या सात वर्षांत २१ मिनिटे गेली, नंतरच्या पाचच वर्षांत ४०.

ठाणे-कल्याणच्या दमट हवेत आणखी एक अडचण येते. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते. उतारवयात घाम कमी येतो आणि तहानही उशिरा लागते. त्यामुळे साठीच्या धावपटूने ऑक्टोबरातले टायमिंग जानेवारीतल्या टायमिंगशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

वयाच्या नावावर खपणारी बरीच घसरण खरे तर सरावातली असते. डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्याची रविवारची लांब, संथ धाव टिकते. सुटतात ते वेगाचे सराव आणि वजनांचे व्यायाम. नेमके तेच या वयात जास्त लागतात. आठवड्यात एकदा वेगाचा सराव, दोनदा ताकदीचा व्यायाम आणि कठीण दिवसानंतर तरुणपणीपेक्षा जास्त विश्रांती, एवढे पुष्कळ आहे. चाळिशीनंतर नव्याने धावू लागणाऱ्याने मात्र आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.