आवडीचे ऋण
सत्यजित राय यांचे आवडते चित्रपट आणि त्या आवडीतून घडलेले आयुष्य

मार्च १९९२ मध्ये अमेरिकेत ऑस्कर पारितोषिकांचा सोहळा चालू असताना पडद्यावर कलकत्त्यातील रुग्णालयाची एक खोली दिसली. सत्तर वर्षांचे सत्यजित राय अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांच्या हाती जीवनगौरवाची सोनेरी बाहुली होती. जगभर कीर्ती पावलेल्या या दिग्दर्शकाने त्या क्षणी स्वतःच्या चित्रपटांविषयी फारसे काही सांगितले नाही. त्यांना आठवली ती आपल्या शाळकरी वयातील पत्रे. डीना डर्बिन या गायिका-अभिनेत्रीला त्यांनी तेव्हा पत्र लिहिले होते आणि तिचे सौजन्यपूर्ण उत्तर आले होते. पुढे बिली वाइल्डर यांचा ‘डबल इन्डेम्निटी’ पाहून त्यांनी वाइल्डर यांना चांगले बारा पानी पत्र पाठविले होते. त्याचे उत्तर मात्र कधीच आले नाही. चित्रपटाची कारागिरी आपण अमेरिकन चित्रपट पाहूनच शिकलो, हे ऋण त्यांनी त्या शेवटच्या जाहीर भाषणात मोकळेपणाने मान्य केले. त्यानंतर महिनाभराच्या आतच, २३ एप्रिल रोजी, त्यांचे निधन झाले.

आयुष्याच्या अखेरीस एका श्रेष्ठ कलावंताने आपली ओळख एक चित्रपटवेडा मुलगा अशी करून द्यावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. घरातील मुले चित्रपटांत फार रमू लागली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. वेळ वाया जातो, अभ्यास मागे पडतो, ही काळजी अगदीच अनाठायी असते असेही नाही. परंतु आवड आणि आवड यांतही फरक असतो. एक आवड माणसाला केवळ रमविते. दुसरी त्याला प्रश्न विचारावयास लावते, अभ्यासाला बसविते आणि शेवटी त्याच्याकडून काही मागतेही. राय यांची आवड या दुसऱ्या प्रकारची होती.

पोरवयातील नाद

सत्यजित यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कलकत्त्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर आणि वडील सुकुमार हे दोघेही बंगाली बालसाहित्यातील मान्यवर लेखक. मात्र सत्यजित अवघे अडीच वर्षांचे असताना सुकुमार यांचे निधन झाले आणि आई सुप्रभा मुलाला घेऊन आपल्या भावाच्या घरी राहावयास आल्या. वडिलांचे छत्र हरपलेल्या या एकुलत्या मुलाचे मन जादूच्या कंदिलात आणि पुढे चित्रपटात रमू लागले. ‘बेन हर’, ‘द थीफ ऑफ बगदाद’ यांसारखे मूकपट त्याने त्या वयात पाहिले.

त्या काळची एक गमतीची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. टारझनचा चित्रपट पाहावयाचा म्हणून मामा त्यांना घेऊन गेले, पण तिकिटे संपलेली होती. मुलाचे तोंड उतरलेले पाहून मामांनी जवळच्याच चित्रपटगृहात चाललेल्या एका बंगाली चित्रपटाची तिकिटे काढली. तो चित्रपट मुलांनी पाहावा असा नाही, हे थोड्याच वेळात मामांच्या ध्यानी आले. घरी जायचे का, असे ते पुन्हा पुन्हा विचारीत राहिले आणि भाच्याने मात्र ऐकूनही न ऐकल्यासारखे केले!

वय वाढले तसे या नादाला शिस्त आली. पाहिलेल्या चित्रपटांची नोंद ते वहीत ठेवीत आणि प्रत्येकाला आपल्या मताप्रमाणे तारे देत. कोणत्या कंपनीच्या चित्रपटाचा तोंडवळा कसा असतो, हे त्यांना ओळखता येऊ लागले. आरंभी लक्ष असे ते नट-नटींकडे. हळूहळू ते दिग्दर्शकाकडे वळले. १९४० मध्ये आईच्या आग्रहाखातर ते शांतिनिकेतनात चित्रकला शिकावयास गेले. नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी यांच्यासारखे गुरू तेथे लाभले आणि ग्रंथालयात पॉल रोथा व रेमंड स्पॉटिसवुड यांचे चित्रपटकलेवरील ग्रंथही हाती आले. इतके होऊनही ‘सिटिझन केन’ कलकत्त्यात थोडे दिवस लागून उतरला आणि शांतिनिकेतनात असल्यामुळे आपला तो हुकला, याची चुटपुट त्यांना लागून राहिली.

१९४३ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या एका जाहिरात संस्थेत ऐंशी रुपये पगारावर चित्रकाराची नोकरी धरली. संध्याकाळ चित्रपटगृहात जाई. तेथील अंधारातच, कोणते दृश्य कोठे तोडले आणि कोठे जोडले, याची टिपणे ते करीत. एखाद्या कथेवर चित्रपट निघणार असल्याचे कळले, की आधी स्वतः त्या कथेची पटकथा लिहावयाची आणि मग तयार चित्रपटाशी ती ताडून पाहावयाची, हा त्यांचा छंदच झाला होता. ज्या विद्येची शाळा तेव्हा देशात नव्हती, ती विद्या त्यांनी अशी मिळविली.

कोणता चित्रपट काय शिकवून गेला

राय यांच्या आवडीचा पट मोठा होता. ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहात त्यातील अनेक चित्रपटांविषयी त्यांनी आत्मीयतेने लिहिले आहे. चार्ली चॅप्लिन यांचा ‘द गोल्ड रश’ हा त्यांपैकी एक. सोन्याच्या शोधात बर्फाळ प्रदेशात अडकलेला तो भुकेला भटक्या आपला बूट शिजवतो आणि पंक्तीत बसावे तशा ऐटीत खातो. त्याने बुटाचे खिळे हाडे चोखावीत तसे चोखले, की प्रेक्षक खळखळून हसतो. पण पडद्यावर जे आहे ती भूकच आहे. हसू आणि दुःख एकाच ताटात कसे वाढता येते, याचा हा धडा होता.

दुसरा धडा जॉन फोर्ड यांचा. ‘फोर्ट अपाचे’मधील एका लहानशा प्रसंगावर राय लुब्ध होते. दोन माणसे खोल दरीच्या कडेला उभी राहून बोलत आहेत. बोलण्यात जरा खंड पडतो, तेव्हा त्यांतील एक जण पायाशी पडलेली बाटली सहज खाली लोटून देतो. बोलणे पुन्हा सुरू होते. काही क्षणांनी, पुढच्या खंडात, दरीच्या तळातून काचेचा अगदी पुसट खणखणाट ऐकू येतो. बस्स, इतकेच. दरी किती खोल आहे हे कोणी सांगितले नाही, तरी प्रेक्षकाला ते कळले. असा क्षण पकडणारा रसिक पुढे स्वतः असे क्षण निर्माण करील, यात नवल ते काय?

१९४७ मध्ये चिदानंद दासगुप्ता आदी मित्रांसह त्यांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ स्थापन केली. आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ने तिचा आरंभ झाला. आपल्याला जे आवडले ते चार जणांनी मिळून पाहावे आणि त्यावर बोलावे, एवढाच हेतू होता. दोन वर्षांनी ‘द रिव्हर’ या चित्रपटासाठी स्थळे शोधीत फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार कलकत्त्यास आले. ज्यांचा ‘द सदर्नर’ पाहून राय भारावले होते, ते साक्षात समोर उभे! सुट्टीच्या दिवशी राय त्यांच्यासोबत बंगालच्या खेड्यांतून हिंडले. एखादी केळ, एखादे तळे पाहून रेन्वार थबकत. परदेशातून आलेल्या त्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांनी रायना आपलेच गाव नव्याने दिसू लागले. ‘पथेर पांचाली’वर चित्रपट काढण्याचा विचार मनात घोळत असल्याचे त्यांनी रेन्वार यांच्या कानी घातले आणि रेन्वार यांनी त्यांना उत्तेजन दिले.

एका सायकलीची गोष्ट

१९५० मध्ये संस्थेने रायना कामानिमित्त लंडनला पाठविले. पत्नी विजया बरोबर होत्या. त्या काही महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले. पण आयुष्याला वळण दिले ते पोहोचताच पाहिलेल्या एका चित्रपटाने. तो होता व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्हज’.

कथा चार ओळींत सांगता येईल अशी आहे. महायुद्धानंतरचे रोम. दीर्घकाळ बेकार असलेल्या अंतोनियोला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. अट एकच, स्वतःची सायकल हवी. त्याची सायकल गहाण पडलेली आहे. पत्नी मारिया क्षणाचाही विलंब न लावता अंथरुणावरील चादरी काढते, त्या गहाण ठेवते आणि सायकल सोडवून आणते. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. मग अंतोनियो आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रूनो रविवारभर रोममध्ये ती शोधीत फिरतात. दिवस मावळताना हताश बाप स्वतःच एक सायकल चोरू पाहतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. लोक त्याला सोडून देतात. शरमेने खाली मान घालून, डोळ्यांत पाणी आणून तो चालू लागतो, तेव्हा ब्रूनो मुकाट्याने बापाचा हात हाती घेतो. चित्रपट येथेच संपतो.

अंतोनियोचे काम करणारा लॅम्बर्तो माज्जोरानी हा नट नव्हता, कारखान्यातील कामगार होता. चित्रीकरण रोमच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर झाले होते. नवशिके नट नकोत, उघड्यावर आणि पावसात चित्रीकरण होत नसते, असे रायना कलकत्त्यातील जाणकारांनी बजावले होते. ते सारे आक्षेप त्या एका खेळात गळून पडले. परंतु तंत्राहूनही मोलाची गोष्ट निराळी होती. एका गरीब घरातील एका वस्तूचे मोल जगातील कोणत्याही माणसाच्या काळजाला भिडू शकते, हे त्यांना दिसले. परतीच्या बोटीवर त्यांनी ‘पथेर पांचाली’ची आखणी आरंभिली. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या या कादंबरीच्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनी पूर्वीच काढली होती. अपू आणि दुर्गा ही भावंडे त्यांना घरच्यासारखी झाली होती.

आवडीची किंमत

पैसे द्यावयास कोणी निर्माता तयार होईना. तेव्हा राय यांनी आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि २७ ऑक्टोबर १९५२ रोजी काशफुलांच्या रानात चित्रीकरण सुरू केले. छायाचित्रकार सुब्रत मित्र एकविशीच्या आसपासचे. चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी पूर्वी हाताळलेला नव्हता. पुढच्या रविवारी मंडळी तेथे परतली तो काय, गुरांनी ती पांढरी फुले फस्त केली होती! त्या प्रसंगासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबणे भाग पडले.

नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत काम चालले. पैसे संपले, की ते थांबे. जिवापाड जमविलेल्या पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या. विजयाबाईंचे दागिने गहाण पडले. रोमच्या मारियाने चादरी काढून दिल्या होत्या. कलकत्त्याच्या विजयाबाईंनी दागिने काढून दिले. पडद्यावरची कथा आता रायांच्या स्वतःच्या घरात उतरली होती, आणि सायकल परत मिळेल की नाही हे तेथेही कोणाला ठाऊक नव्हते.

अखेर आई सुप्रभा यांच्या ओळखीतून गोष्ट मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यापर्यंत पोहोचली आणि पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. ‘पथेर पांचाली’ म्हणजे वाटेचे गाणे. त्यामुळे खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यावर पडला, हा किस्सा आता सर्वश्रुत आहे. एवढ्या रखडपट्टीतही अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी दिसू लागली नाही आणि इंदिर आत्याचे काम करणाऱ्या ऐंशीच्या घरातील चुनिबालादेवी हयात राहिल्या, हे आपले भाग्य असे राय म्हणत. रविशंकर यांनी एकाच दीर्घ बैठकीत संगीत दिले. २६ ऑगस्ट १९५५ रोजी चित्रपट कलकत्त्यात प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी कान महोत्सवात त्याला ‘उत्कृष्ट मानवी दस्तऐवज’ हा बहुमान मिळाला.

आवड जपणे त्यानंतरही थांबले नाही. अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ कलकत्त्यात आला, तेव्हा राय यांनी तो लागोपाठ तीन दिवस तीनदा पाहिला होता. ती शिष्यवृत्ती त्यांनी जन्मभर राखली. मुलगा संदीप याने मुलांसाठी चित्रपट काढा म्हणून हट्ट धरला, तेव्हा आजोबांच्या कथेवरून ‘गुपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) निर्माण झाला.

दिव्याने दिवा

जो रसिक दुसऱ्यांच्या चित्रपटांवर वाढला, त्याचाच चित्रपट पुढे इतरांच्या आवडीचा झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’ प्रसंगाप्रसंगाने उलगडून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना चित्रपट कसा पाहावा हे शिकविले. महाराष्ट्राशी रायांचे आणखी एक नाते जडले ते ‘सद्गती’मुळे (१९८१), प्रेमचंदांच्या कथेवरील या दूरदर्शनपटात स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांनी ओम पुरी यांच्यासमवेत भूमिका केल्या.

आज हव्या त्या देशाचा चित्रपट घरबसल्या पाहता येतो. विपुलता आली, पण पाहिलेले मनात मुरावयास लागणारी उसंत कमी झाली. अशा वेळी घरातील मुलांना किती पाहिलेस, असे विचारण्याऐवजी काय आवडले आणि का आवडले, असे विचारून पाहावे. आठवड्यातून एखादा चांगला चित्रपट साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहावा, त्यावर मोकळेपणाने बोलावे, एखादी वही ठेवावी. मुलाने आपल्या मताने तारे दिले, तर हसू नये. सारीच मुले काही दिग्दर्शक होणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नको. परंतु बापाची मान खाली गेली असता मुकाट्याने त्याचा हात हाती घेणारा ब्रूनो ज्या मुलाला मनापासून आवडला, त्याच्या मनात काहीतरी चांगले रुजले आहे, एवढे आईवडिलांनी खुशाल समजावे.